दोन मुठींतला खुळखुळा

पाच रात्री झाल्या, श्वेताला धड झोप नाही. कारण विचाराल तर अगदीच क्षुल्लक. तिची पाच वर्षांची मुलगी मृणालिनी, म्हणजे मृणू, झोपताना भिंतीकडची अर्धी गादी मोकळी सोडायला लागली आहे. स्वतः पार कडेला, आता पडते की मग अशी, आणि भिंतीशी कुणालातरी पुरेल एवढी जागा. श्वेता तिला उचलून मधे सरकवते. सकाळी बघावं तर बाई पुन्हा कडेला.

हे मला ठाऊक आहे, कारण मी मृणूच्या उशीखाली असतो. मी मातीचा खुळखुळा. बोलतोय मीच.

बोलतोय म्हणजे काय, माझ्या पोटात तीन खडे आहेत, त्यांच्या जोरावर जे काही जमेल ते. कुणी हलवलं तरच मला आवाज. तेव्हा इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या. मला डोळेही नाहीत. माणसं मी हातांवरून ओळखतो. श्वेताचे हात सॅनिटायझर लावून लावून कोरडे पडलेले. तिच्या सासूबाई, मालनबाई, त्यांचे तळवे नारळ खवून टणक झालेले. तिचा नवरा सिद्धेश मला धरतो तेव्हाही त्याचा अंगठा फोनवर सरकावा तसा वरखाली होत राहतो. मृणूचा हात गरम, किंचित चिकट, बिस्किटाच्या चुऱ्यानं भरलेला.

भांडुपच्या या दोन खोल्यांत माणसं एवढीच. हात मात्र आणखी एक आहे.

माझा जन्म पैठणचा. गोदावरीच्या गाळातला मी. दोन हजार वर्षं झाली असावीत असं जाणती माणसं म्हणतात, मी काही मोजत बसलो नव्हतो. मला एका बाईनं घडवलं. साच्यातून दोन वाट्या काढल्या, मातीच्या तीन गोळ्या राखेत घोळवून आत टाकल्या, राखेत अशासाठी की ओल्या भिंतीला चिकटू नयेत, आणि वाटीवर वाटी ठेवून सांधा अंगठ्यानं दाबला. तिच्या अंगठ्याचा ठसा अजून माझ्या अंगावर आहे. तिचे दिवस भरले होते. पोट आड यायचं म्हणून तिनं मला लांब धरून जुळवलं, त्यामुळे मी एका बाजूला जरा कलतो. धरायला एक आखूड देठ आहे मला. तोही वाकडाच.

तिला मुलगी झाली. नुकती जन्मलेली मुलं हाताला लागेल ते घट्ट धरतात, तसा तिनं माझा देठ धरला.

सहा दिवस ती मला धरून होती. त्या वस्तीत नाव ठेवत ते बाराव्या दिवशी. सहाव्या दिवशी ती निजली ती निजलीच.

तिला एका मडक्यात ठेवलं, घराच्याच जमिनीत. माझा देठ मुठीतून सुटेना. बाई म्हणाली, राहू दे. वरून माती लोटली. मग ती खाली वाकली असणार, कारण मला तिचं तोंड उघडल्याचं ऐकू आलं, खोल श्वास घेतल्याचं ऐकू आलं, आणि पुढे काहीच नाही. हाक मारायला नावच नव्हतं.

नंतरचं सांगण्यासारखं फार नाही. वर घर पडलं, दुसरं झालं, तेही पडलं. वरून चालणारी पावलं बदलत गेली. देवळं झाली, घंटा आल्या. हाडं केव्हाच मातीला मिळाली. मूठ तेवढी राहिली. ते कसं, हे मला विचारू नका. मला शिक्षण नाही. पण दोन हजार वर्षं माझ्या देठाभोवती चार बोटं आणि एक अंगठा होता, आणि ती मूठ मधूनच आवळायची, झोपेत मूल आवळतं तशी.

यंदा पावसानं टेकाडाचा एक उतार कापला. मडकं फुटलं. मी उघड्यावर आलो.

आणि नाताळच्या सुट्टीत भांडुपहून ही मंडळी आली.

त्यामागची हकीकत मी नंतर, त्यांच्या बोलण्यातून जुळवली. मृणूच्या वर्गातल्या आयांच्या ग्रुपवर कुणी दुबईचे फोटो टाकले होते, कुणी सिंगापूरचे. श्वेतानं ते पाहिले आणि ठरवलं की आपण मुलीला प्राचीन शहर दाखवू. देवळं, घाट, संग्रहालय. मुलांना आपली संस्कृती कळली पाहिजे असं ती सिद्धेशला म्हणाली, आणि लगेच स्वतःशीच म्हणाली, आपल्याला तरी कितीशी कळलीय. मग तिनं दोन दिवसांचा तक्ता केला. सकाळी देवळं, जेवण, दुपारी संग्रहालय. बॅगेत तापाचं औषध, उलटीचं औषध, मीठ-साखरेची पाकिटं, तीन टोप्या. मृणूचं डोकं एकच.

देवळांत मृणू शहाण्यासारखी वागली. प्रसाद खाल्ला, घंटा वाजवली, प्रदक्षिणेत धावली. संग्रहालयात मात्र काचेच्या एका कपाटापुढे ती अडून बसली. आत मातीची खेळणी होती. चाकं गेलेली गाडी, मान तुटलेला बैल, दोन-तीन खुळखुळे.

“ही कुणाची?” तिनं विचारलं.

“दोन हजार वर्षांपूर्वीच्या मुलांची,” श्वेतानं पाटीवरचं वाचून सांगितलं.

“मग ती मुलं परत मागत नाहीत?”

सिद्धेश हसला. “अगं, ती मोठी झाली ना. आजी-आजोबा झाली. मग वारली. आता कोण मागणार?”

“सगळी मोठी झाली?”

“चल, पाणी पी,” श्वेता म्हणाली.

पाणी प्यायल्यामुळेच पुढचं झालं. बाहेर पडल्यावर मृणूला शू आली. स्वच्छतागृहाला कुलूप. श्वेतानं तिला मागच्या टेकाडावर, बाभळीच्या आडोशाला नेलं. तिथे बसल्या बसल्या मृणूचा हात माझ्यावर पडला, आणि तिनं मला उचललं.

मूठ सुटली नाही. ती माझ्याबरोबर आली.

श्वेतानं मला पाहिलं. देवळाबाहेरच्या दुकानातला खुळखुळा कुणा मुलाच्या हातून पडला असेल, असा तिनं हिशोब केला. मला तीन ओल्या टिश्यूंनी पुसलं, चौथ्यानं मृणूचे हात. काचेतले खुळखुळे तिनं पाच मिनिटांपूर्वीच पाहिले होते. पण तिचं सगळं लक्ष तेव्हा जंतूंवर.

घरी आल्यावर मालनबाईंनी मला हातात घेतलं आणि लगेच टेबलावर ठेवून दिलं.

“ह्यां खंयसून हाडलंस गो?”

“आई, साधं खेळणं आहे मातीचं,” श्वेता म्हणाली.

“एवढां थंड कित्याक?”

“गाडीत एसी होता.”

संध्याकाळी मालनबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी मृणूची दृष्ट काढली. श्वेतानं हसू दाबलं, आणि मग हळूच म्हणाली, “तेवढी माझीही काढा.”

सोमवारपासून मृणू बिस्किटाचा अर्धा तुकडा माझ्या शेजारी ठेवायला लागली. मंगळवारी सिद्धेशनं टीव्हीचा आवाज वाढवला तर तिनं ओठांवर बोट ठेवलं. “पप्पा, हळू. ती आत्ताच झोपलीय.” सिद्धेशनं आवाज कमी केला, आणि मग आपण तो का कमी केला याचं त्यालाच नवल वाटलं.

“यार, मुलं खेळतात असं,” तो श्वेताला म्हणाला. “मी लहानपणी गॅस सिलिंडरला काका म्हणायचो.”

“सिलिंडरला तू झोपायला जागा देत होतास का?”



श्वेता शिकलेली मुलगी. तिनं फोनवर सगळं वाचून काढलं. या वयात मुलांना कल्पनेतले मित्र असतात, ते हुशारीचं लक्षण आहे, असं एका लेखात होतं. दुसऱ्यात होतं की आईबापांचं लक्ष कमी पडलं की असं होतं. तिनं अर्थातच दुसरा लेख खरा मानला. बुधवारी तिनं एका समुपदेशक बाईंना फोन लावला. त्या गोड आवाजात म्हणाल्या, “घाबरू नका. तुम्हीही त्या खेळात सामील व्हा. तिला म्हणावं, मलाही ओळख करून दे.”

म्हणून श्वेता दुपारी मृणूच्या शेजारी फरशीवर येऊन बसली. मी तिच्या तळहातावर होतो.

“तुझ्या मैत्रिणीचं नाव काय गं?”

“तिला नाव नाहीये.”

“असं कसं? सगळ्यांना नाव असतं.”

“नाव ठेवायच्या आधीच तिला झोपवलं ना,” मृणू म्हणाली, क्रेयॉनचा कागद सोलत. “ती एवढुशी होती.”

श्वेताच्या तळहाताला घाम फुटला. आधी गरम, मग गार.

आता एक गोष्ट सांगायला हवी. ती या घरात कुणी बोलत नाही. दोन वर्षांपूर्वी श्वेताला आणखी एक मुलगी झाली होती. वेळेच्या फार आधी. नऊ दिवस ती काचेच्या पेटीत होती, नळ्या लावलेली. बारशापर्यंत पोचली नाही. हॉस्पिटलच्या कागदावर नावाच्या जागी ‘श्वेताची मुलगी’ एवढंच आहे. तेव्हा तीन वर्षांच्या मृणूला सांगितलं होतं की आईच्या पोटात दुखत होतं, म्हणून आई तिकडे राहिली. त्यानंतर कुणी काही सांगितलं नाही आणि तिनं काही विचारलं नाही.

मग हिला कसं कळलं?

श्वेतानं एकच उत्तर काढलं. कुठल्याही आईनं काढलं असतं. मी ते तिच्या बोटांवरून ओळखलं. इतके दिवस ती मला दोन बोटांत, किळस आल्यासारखी धरायची. आता तिनं मला दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतलं.

बाई गं, ही तुझी नव्हे! मी ओरडून सांगायला हवं होतं. ही दुसरीची. ज्या बाईचा अंगठा माझ्यावर उमटलाय तिची. पण मला हलवायला कुणी नव्हतं. आणि हलवलं असतं तरी तीन खड्यांत एवढं सगळं कुठून मावणार?

गुरुवारी सिद्धेशला उलगडा झाला. तो ट्रिपचे फोटो चाळत होता. संग्रहालयातल्या काचेचा फोटो आला, आणि त्याचा माझ्यावरून फिरणारा अंगठा थांबला.

“श्वेता, वाट लागली आपली. हा बघ. सेम टू सेम!”

“म्हणजे?”

“म्हणजे आपण पुरातन वस्तू उचलून आणलीय. टिश्यूनं पुसून!”

त्यानं लगेच तिथे फोन लावला. पलीकडचा माणूस भला होता. रागावला नाही. आणून द्या, एक अर्ज भरा, वस्तू नेमकी कुठे आणि कशी मिळाली ते लिहा, म्हणाला. फोन ठेवून सिद्धेश डोकं धरून बसला.

“अर्जात काय लिहू? कन्या शू करायला बसली असता?”

“‘निसर्गाच्या हाकेला ओ देताना’ लिही,” श्वेता म्हणाली. तिच्या आवाजात हसू नव्हतं.

शनिवारी सकाळी निघायचं ठरलं. विक्रोळीच्या त्याच्या कंपनीत त्यानं सुट्टीचा मेल टाकला. मालनबाईंनी सुस्कारा सोडला. “बरां झाला. जेचां तेका पोचवा.”

“पुढच्या आठवड्यात जाऊ ना,” श्वेता म्हणाली. “एवढी काय घाई?”

“अगं, तूच परवा म्हणालीस ना, हे घरातून काढ म्हणून?”

“तेव्हा म्हणाले.”

शुक्रवारी सकाळी सिद्धेश कामावर गेला, मृणू शाळेत. श्वेतानं मला स्वयंपाकघरात नेलं, ओट्यावर आपल्या डोळ्यांसमोर ठेवलं आणि भाजी निवडायला घेतली. आदल्या दिवसापर्यंत तिनं मला ओट्याच्या आसपास फिरकू दिलं नव्हतं. मालनबाईंनी ते पाहिलं असावं. बराच वेळ नुसता खवणीचा आवाज येत होता. मग तो थांबला.

“तू काय मनात धरलंस ता माका कळता, श्वेता.”

“काय धरलंय?”

“तां आपला न्हय गो.”

“कशावरून?” श्वेताच्या हातातल्या शेंगा परातीत पडल्या. “तुम्हाला काय माहीत? आई, तेव्हाही तुम्हीच म्हणालात, नाव ठेवू नका. नर्सनं मला विचारलं होतं, कागदावर काही लिहू का. मी नाव ठरवलेलं होतं. ओठांवर होतं माझ्या. तुम्ही मान हलवलीत, आणि मी गप्प बसले. सगळ्यांना घाई होती तिला विसरायची. मी तिला आठवायचं म्हटलं तर काय म्हणून आठवू? ‘श्वेताची मुलगी’ म्हणून?”

मालनबाईंनी खवणी बाजूला सारली.

मालनबाई चाळीस वर्षं मुंबईत आहेत. चारचौघांत त्या चारचौघांसारखं बोलतात, घरात अर्धंमुर्धं मालवणी. पण आता त्या बोलल्या ते सगळं गावाकडचं आणि इतक्या हळू की मला कान द्यावा लागला.

“सिद्धेशच्या आदी माका एक झील झालो. बारसा झाला, नाव ठेवला. म्हयन्यान गेलो. इतकी वर्सां झाली. अजून रस्त्यात कोणी त्या नावान दुसऱ्याक हाक मारली तरी मी वळान बघतंय.” त्यांनी नाक पुसलं असावं. “तुका तां भोगूक लागू नये म्हणान मी मान हलवलंय. नाव दिला की सुटका नाय, बाय माझे. ना तेका, ना आपल्याक.”

श्वेताला हे माहीत नव्हतं. लग्नाला आठ वर्षं झाली, पण कुणी सांगितलं नव्हतं. तिनं सासूच्या पाठीवर हात ठेवला असेल, कारण तिची पावलं त्यांच्याकडे गेलेली ऐकू आली. मला वाटलं, संपलं. ती ऐकेल. उद्या मी घरी जाईन.

पण ‘नाव दिला की सुटका नाय’ हे मालनबाईंनी भीती घालावी तसं सांगितलं, आणि श्वेतानं मात्र आशा दाखवावी तसं ऐकलं.

दुपारी मालनबाई शेजारच्या शेवंतीबरोबर भजनी मंडळाला गेल्या. दार लागलं. श्वेतानं स्टूल ओढलं आणि माळ्यावरून पाळणा काढला.

हा पाळणा सिद्धेशचा. दोन वर्षांपूर्वी त्यानं तो पॉलिश करून हॉलमधल्या कडीला टांगलाही होता. मग एका संध्याकाळी, श्वेता हॉस्पिटलमधून यायच्या आत, उतरवून ठेवला. रिकामा पाळणा घरात हलू नये म्हणतात.

“आई, आपण काय करतोय?” मृणू शाळेतून आली होती, गणवेशातच.

“तुझ्या मैत्रिणीचं बारसं.”

“खरंच? घुगऱ्या?”

“हरभरे भिजवायला वेळ नव्हता गं. शेंगदाणे चालतील?”

“झकास!”

श्वेतानं कपाटाच्या तळातून एक पिशवी काढली. तिच्यात एक झबलं होतं आणि टोपडं, मालनबाईंनी आपल्या जुन्या मऊ पातळाचं शिवलेलं. कधी न घातलेलं. ते तिनं मला घातलं. बाळाचा हात बाहीतून घालताना आया करतात तसं तिनं बाहीत आपली दोन बोटं घातली आणि माझा देठ अलगद ओढून घेतला.

तिथे, त्या बाहीत, तिची बोटं त्या मुठीला लागली.

तिला ते कळलं. ती थबकली, आणि तिनं हात काढून घेतला नाही.

मग त्या दोघींनी मला पाळण्याच्या वरून आणि खालून एकमेकींकडे दिलं. पाच सवाष्णी लागतात या कामाला. होत्या दोघी, त्यातली एक सहा वर्षांचीही नाही. मृणू दर वेळी मला छातीशी घट्ट धरायची आणि मग पुढे करायची.

“आई, कानात नाव आत्या सांगते ना? दीप्ती आत्या तर ठाण्याला आहे. मग मी होऊ आत्या?”

“तू नाही आत्या,” श्वेता म्हणाली. “तू ताई आहेस.”

मृणूनं विचारलं नाही, कुणाची.

मला पाळण्यात निजवलं. श्वेता वाकली. तिचा श्वास टोपड्यावर आला, उष्ण, अडखळत. तिनं नाव घेतलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. दोन वर्षं ओठांमागे धरून ठेवलेलं नाव. ते मी इथे सांगणार नाही. ते माझं नाही, आणि मी जिच्या मुठीत आहे तिचंही नाही.

तिसऱ्या हाकेला मी वाजलो.

मला कुणी हलवलं नव्हतं. पाळणा स्थिर होता. माझ्या देठाभोवतीची मूठ थरथरली, तिनं मला आवळलं, आणि आतले तीनही खडे खळकन एकमेकांवर आपटले. दोन हजार वर्षांत इतका स्पष्ट मी कधी वाजलो नव्हतो.

“वाजलं!” श्वेता ओरडली. “मृणू, ऐकलंस ना तू? तिनं ऐकलं गं! ओळखलं तिनं!” आणि ती रडायला लागली.

ओळखलं नव्हतं. ती मूठ मला जितकी माहीत आहे तितकी कुणाला नसेल. ती आनंदानं आवळलेली नव्हती. परक्या बाईनं भलत्याच नावानं उचलून घेतलं की मूल अंग चोरतं, तशी ती आवळली होती. ती घाबरली होती.

तेव्हा तुम्ही हे वाचत असाल तर माझं एवढं ऐका. मी आत्ता भांडुपच्या एका हॉलमध्ये, दुसऱ्याच्या झबल्यात, दुसऱ्याच्या नावाखाली निजलो आहे. उद्या सकाळी सिद्धेश अर्ज खिशात घालून उभा राहील आणि श्वेता म्हणेल, नाही देणार. तिला कुणी बोल लावू नका. तिनं काही वाईट केलेलं नाही. तिला जवळ बसवा आणि समजावा की या मुलीला तिच्या मातीत पोचवायचं आहे. मला काचेत ठेवलंत तरी माझी तक्रार नाही. फक्त गोदावरीच्या काठी ठेवा. आणि जमलं तर तिथून जाताना कपाटाशी जरा थांबा, लेकरांना घेऊन. माझी ही पोर फार दिवस एकटी राहिली आहे.

श्वेतानं ओढणीनं डोळे पुसले. ती हसत होती, हुंदक्यांत हसत होती.

“आवडलं ना गं तिला नाव?” तिनं विचारलं.

पाळण्याच्या कडेवरचा मृणूचा हात सुटला होता. ती वळली असावी, कारण आवाज आला तो दाराकडे तोंड केल्यासारखा.

“हिला नाही कळलं, आई,” ती म्हणाली. “पण जिचं नाव आहे ती आली. बघ ना, चालायला पण लागली.”